ह्यांच्या वाट्याचा समुद्र



डिसेंबर २०२३ मध्ये, नाताळच्या सुट्टीत, आम्ही सगळे अंदमानला जाऊन आलो. एरवी प्रवासाहून आले की बॅगा रिकाम्या होण्याआधी माझं लिहून तयार असतं. यावेळी मात्र हात धजावला नाही. कारण त्या प्रवासात आमच्या दोघांचं एक भांडण आहे, आणि ते ह्यांना विचारल्याशिवाय लिहिणं बरं दिसलं नसतं. परवा भीत भीत विचारलं, तर म्हणाले, "लिही की. फक्त माझी बाजूही लिही." तेव्हा दोन्ही बाजू लिहिते.

ह्यांची सत्तरी झाली म्हणून मुलाने ही सहल काढली. तो म्हणाला, "तुम्ही दोघं आजवर गेलात ते शिखरजी, श्रवणबेळगोळ, कुंथलगिरी. सगळं आईच्या यादीतलं. आता एकदा बाबांच्या यादीतलं." आणि बाबांच्या यादीत एकच गोष्ट होती: समुद्राच्या पोटात उतरून बघायचं.

हे शाळेत तेहेतीस वर्षं विज्ञान शिकवत होते. जन्म कृष्णाकाठचा. लहानपणी सांगलीच्या घाटावरून उड्या मारत, थोडे मोठे झाल्यावर पुराच्या पाण्यात आयर्विन पुलावरून. हे मला लग्नानंतर कळलं. माझ्या वडिलांना आधी कळलं असतं तर स्थळ परत गेलं असतं! निवृत्तीनंतर रोज सकाळी नदीवर पोहायला जाणाऱ्यांचा ह्यांचा गट होता. टीव्हीवर समुद्राखालचं काही लागलं की ताटातली आमटी निवून जायची. कोणी "पाठीवर ऑक्सिजनचं नळकांडं" म्हटलं की लगेच दुरुस्ती व्हायची, "ऑक्सिजन नसतो हो त्यात, आपली साधी हवाच दाबून भरलेली असते."

दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या छातीत दुखलं. मिरजेला नेलं, एक स्टेंट बसवला. त्यानंतर पोहणं बंद होऊन चालणं सुरू झालं. ह्यांनी तक्रार केली नाही. फक्त फिरायला जाताना नदीकडचा रस्ता सोडून दिला.

अंदमानचं ठरलं तेव्हा मुलाने विचारलं, "बाबा, डॉक्टरांना विचारलंत ना?" हे म्हणाले, "विचारलं. हिंडाफिरायला काही हरकत नाही म्हणाले." मी तिथेच उभी होते. मी बी.कॉम. झालेली बाई. ताळेबंदात जे लिहिलंय त्यापेक्षा जे लिहिलेलं नाही ते आधी बघावं, एवढं तरी कॉलेजात शिकले होते. हिंडणं-फिरणं म्हणजे पाण्याखाली उतरणं नव्हे, हे मला त्याच क्षणी दिसलं. पण कितीतरी दिवसांनी ह्यांचा चेहरा उजळलेला होता. मी खोदून विचारलं नाही. पुढच्या सगळ्या प्रकरणात ही माझी पहिली चूक.

तयारी मात्र माझी नेहमीची. मूगडाळ, तांदूळ, तुपाची बरणी, बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, राजगिऱ्याचे लाडू, पहिल्या दोन दिवसांसाठी दशम्या. पाणी गाळायला दुहेरी सुती कापड. सून म्हणाली, "आई, एवढं कशाला?" पण विमानतळावर पहिली दशमी तिनेच मागून घेतली.

पोर्ट ब्लेअरला पोहोचलो. (तेव्हा त्या शहराचं नाव पोर्ट ब्लेअरच होतं, पुढच्या वर्षी ते श्री विजयपुरम झालं.) सेल्युलर जेल पाहिलं. सावरकरांच्या कोठडीपाशी मराठी माणसाचा पाय थबकतोच, आमचाही थबकला. दुसऱ्या दिवशी बोटीने हॅवलॉकला. या बेटाला २०१८ पासून स्वराज द्वीप म्हणतात, पण बोटीवरच्या सगळ्यांच्या तोंडी जुनंच नाव. दोनेक तासांच्या त्या प्रवासात ह्यांनी नातीला बॉइलचा नियम शिकवला. दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो, म्हणजे फुग्यातली हवा निम्म्या जागेत मावते. तोच फुगा खाली भरून वर आणला तर फुगत फुगत फुटेल. "म्हणून पाण्याखाली एकच मोठा नियम. श्वास रोखून धरायचा नाही. रोखून वर आलीस तर तो फुगा म्हणजे तुझं फुफ्फुस." नात नववीत आहे. पुस्तकातलं वाक्य ती कधीच विसरली असती, हा फुगा विसरणार नाही.

बेटावर माझी पहिली गाठ पडली ती सूर्याशी. घड्याळ आपलंच, पण बेट इतकं पूर्वेला की डिसेंबरात सूर्य संध्याकाळी पाचच्या सुमारासच मावळतो. सांगलीत त्या दिवसांत सहा वाजून जातात. सूर्यास्तापूर्वी जेवायचं म्हणजे तिथे साडेचारला पान वाढायला हवं. लॉजचे मालक बंगाली, त्यांचे आजी-आजोबा पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आले आणि १९५० च्या दशकात या बेटावर त्यांना जमिनी मिळाल्या. मासळीवर वाढलेला माणूस. मी म्हटलं कांदा नको, लसूण नको, बटाटा नको, तर ते काळजीने म्हणाले, "मग माँजी, तुम्ही जगता कशावर?" पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक शेगडी आणि नवीन पातेलं माझ्यासाठी वेगळं काढलं. लाल भोपळा, कच्ची केळी, पपई आणि हवा तेवढा नारळ. चार वाजता ते स्वतः येऊन आठवण करायचे, "माँजी, सूरज जा रहा है।"

पाण्यात उतरायचा माझा विचार नव्हता. भीती होतीच, मला पोहता येत नाही. पण खरं कारण निराळं. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. आई विहिरीचं पाणी दुहेरी कापडातून गाळायची आणि कापड उलटं धरून, त्यावर गाळलेलंच पाणी ओतून, अडकलेले जीव परत त्याच विहिरीत सोडायची. वरून फेकायची नाही. कळशी दोरीने पाण्यापर्यंत खाली नेऊन मग अलगद उपडी करायची. "उंचावरून पडले तर मरतील गं," म्हणायची. त्या आईची मी मुलगी. संसारी माणसाकडून पाण्यातल्या जीवांची हिंसा पूर्ण टळत नाही हे मलाही ठाऊक आहे, अंघोळ कोणाला चुकली आहे? पण गरज नसताना, नुसत्या हौसेपायी केलेली हिंसा तो अनर्थदंड, आणि तो टाळायचं माझं व्रत आहे. म्हणून पाच जणांपैकी चौघांनी उतरायचं आणि मी किनाऱ्यावर बसून सामानाची राखण करायची, असं ठरलं होतं. नातीने मात्र माझाही अर्ज भरून ठेवला. "राहू दे गं आजी, ऐन वेळी मन बदललं तर?"

हा अर्जच भांडणाचं मूळ. बुडी मारण्याआधी प्रत्येकाला प्रकृतीची प्रश्नावली भरून द्यावी लागते. प्रश्नासमोर हो किंवा नाही. छातीची किंवा हृदयाची शस्त्रक्रिया, शरीरात बसवलेलं काही उपकरण, दमा, फिट येणं, कानाचे विकार. पंचेचाळीसच्या पुढच्यांना रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगारेट असं आणखी विचारलेलं. एका ठिकाणी जरी 'हो' आलं, तरी डॉक्टरची सही आणल्याशिवाय पाण्यात सोडत नाहीत. नात एकेक प्रश्न मला मराठीत सांगत होती आणि मी उत्तर देत होते. देवाच्या दयेने चौसष्टाव्या वर्षी गुडघ्यांशिवाय माझं काही दुखत नाही, तेव्हा माझे सगळे रकाने 'नाही'त गेले.

शेजारी बसून हे आपला अर्ज भरत होते. माझी नजर सहज गेली. ह्यांचंही वरपासून खालपर्यंत नाही, नाही, नाही. स्टेंट हा शब्द छापलेल्या ओळीसमोरही नाही. खाली ह्यांची ती वळणदार सही, हजारो प्रगतिपुस्तकांवर झालेली.

मी मोठ्याने म्हणाले, "अहो, हे काय? स्टेंट आहे ना तुम्हाला? रक्तदाबाची गोळी चालू आहे. चुकलंय हे."

मुलगा, सून, नात, तो प्रशिक्षक मुलगा, बाकावर बसलेलं एक अनोळखी जोडपं, सगळ्यांनी वळून पाहिलं. प्रशिक्षकाने कागद हळूच आपल्याकडे ओढून घेतला. मुलगा शहाणा, ह्यांचा मान ठेवून बोलला. पाण्याखाली गेलं की हातापायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं, हृदयावर ताण वाढतो. आणि तिथे काही झालं तर पळत दवाखाना गाठता येत नाही, मोठं हॉस्पिटल समुद्रापलीकडे पोर्ट ब्लेअरला. मुलाने तिथूनच मिरजेच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी स्पष्ट सांगितलं: तपासण्या केल्याशिवाय मी हो म्हणणार नाही, परत आल्यावर बघू.

हे प्रशिक्षकाला म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." मास्तरांच्या आवाजात. आणि उठून बाहेर गेले. बुडी उद्या सकाळची होती, आजची दुपार नुसती कागदपत्रांची. ती दुपार काही सरता सरेना.

साडेचारला मी पान वाढलं. हे जेवले नाहीत. सूर्य मावळला, म्हणजे त्या दिवशीचा ह्यांना कडकडीत उपास. खोलीबाहेरच्या पायरीवर आम्ही दोघं बसलो होतो. ओहोटी लागलेली, समुद्र दूर गेलेला.

मी म्हटलं, "मी गप्प बसायला हवं होतं का?"

"नाही."

"तुम्हाला खाली काही झालं असतं तर? आणि तुम्ही एकटे नव्हता जाणार. तो पोरगा तुमचा हात धरून खाली जाणार होता. त्याला खरं माहीतच नसतं. तुमच्या एका टिकेवर त्याचाही जीव टांगलेला होता."

"ते मला कळतं," हे म्हणाले. "तुझ्याआधी कळतं. दाबाचं गणित मीच शिकवलंय." थोडा वेळ थांबून म्हणाले, "मी तेहेतीस वर्षं परीक्षेला पर्यवेक्षण केलं. कॉपी करणारी पोरं सापडायची. एकाचाही पेपर मी सगळ्या वर्गासमोर ओढला नाही. जवळ जायचो, बाकावर हात ठेवायचो, हळूच सांगायचो. पोरगं स्वतः चिठ्ठी काढून द्यायचं. तू मला नातीसमोर पकडलंस."

मला उत्तर सुचलं नाही. ह्यांची बाजू ती एवढीच. सांगितल्याप्रमाणे लिहिली.

रात्री झोप लागली नाही. खरं बोलले, जीव वाचवण्यासाठी बोलले, मग मन का टोचत होतं? पहाटे सामायिकाला बसले तेव्हा थोडं उलगडलं. आपल्याकडे बोलणं हितकर, मोजकं आणि प्रिय असावं असं सांगतात. हित, मित, प्रिय. माझं बोलणं हिताचं होतं, चार शब्दांचं होतं. प्रिय नव्हतं. आणि का नव्हतं, हेही मला दिसलं. घरी दिसलेली गोष्ट मी दोन महिने पोटात ठेवली होती. तेव्हा, स्वयंपाकघरात, दोघंच असताना विचारलं असतं तर ह्यांनी स्वतःच सांगितलं असतं. मला तेव्हा वाईट व्हायचं नव्हतं. मग चार लोकांत, अर्जाच्या आधाराने, एकदम खरं बोलून मी मोकळी झाले. त्यात ह्यांच्या काळजीबरोबर 'बघा, मी कशी सरळ' असाही एक बारीक कण होता. तो कण कोणाला दिसला नसेल, पण मला दिसला.

उजाडलं साडेपाचला. किनाऱ्यावर चालताना मी ह्यांची क्षमा मागितली. खरं सांगितल्याबद्दल नाही, ज्या तऱ्हेने सांगितलं त्याबद्दल. पर्युषण संपल्यावर आपण गावभर उत्तम क्षमा म्हणत फिरतो, पण एकेचाळीस वर्षांच्या नवऱ्याला एका ठरावीक वाक्यासाठी क्षमा मागताना जीभ किती जड होते ते मला त्या दिवशी कळलं.

हे काही बोलले नाहीत. बरंच चालल्यावर म्हणाले, "माझे पैसे भरलेले आहेत. अर्ज तुझाही भरलेला आहे. तू जा."

"मी? मला पोहता येत नाही."

"पहिल्यांदा जाणाऱ्याला यावंच लागतं असं नाही, प्रशिक्षक धरून नेतो. तू जा आणि मला सांग. बाकीचे तिघे सांगतील 'मस्त होतं, भारी होतं.' तू नीट सांगशील. आणि एक काम कर. पाण्याखाली लाल रंग सगळ्यात आधी नाहीसा होतो, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवलं, पाहिलं कधीच नाही. ते बघून ये."

मी माझ्या व्रताचा विचार केला. हौस म्हणावी तर ती माझी नव्हती. ज्या माणसाने माझ्यासाठी एकेचाळीस वर्षं सूर्यास्ताआधी जेवण केलं, त्याचा हा निरोप होता. याला अनर्थ म्हणायला माझं मन तयार होईना. कोणी माझं चुकलं म्हणेल तर ऐकून घेईन.

तो काळा घट्ट पोशाख अंगात चढवायला सुनेला आणि नातीला मिळून दहा मिनिटं लागली. कंबरेला वजनांचा पट्टा, पाठीवर नळकांडं. मास्कची काच आतून धुरकट होऊ नये म्हणून तिच्यात थुंकून ती खळबळायची, असं कळल्यावर मी दोन पावलं मागे सरले. उष्ट्याखरकट्याचं पाळणाऱ्या बाईला हे काय सांगणं! प्रशिक्षक हसला आणि त्याने लहान मुलांच्या शाम्पूची बाटली काढली. माझा चष्मा ह्यांनी खिशात ठेवला.

आधी छातीभर पाण्यात सराव. तोंडाने श्वास घ्यायचा, तोंडानेच सोडायचा. कानात दाटलं की नाक चिमटीत धरून हलकेच हवा दाबायची, म्हणजे कान मोकळे होतात. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. अंगठा वर केला तर 'छान' नव्हे, 'मला वर न्या'. पहिल्यांदा डोकं पाण्याखाली घातलं आणि मी तत्काळ अंगठा वर केला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा प्रशिक्षक म्हणाला, "माँजी, फक्त श्वास मोजा." ते मला येतं. सामायिकात दुसरं काय करते? मोजत मोजत खाली गेले.

तिथे किनाऱ्यापासूनच तळ उतरत जातो. दर थोड्या अंतरावर कान दाटायचे, मी नाक धरायची, प्रशिक्षक थांबायचा, वर्तुळ दाखवायची, मग आणखी खाली. सर्वांत खोल सात मीटर गेलो, हे त्याच्या मनगटावरच्या यंत्रावरून नंतर कळलं. खाली शांतता असेल असं मला वाटलं होतं. तसं नसतं. माझ्या श्वासाचा आवाज, बुडबुड्यांचा आवाज आणि त्यामागे सतत काहीतरी तडतडणारं, कढईत मोहरी टाकावी तसं.

प्रशिक्षकाने उतरायच्या आधी एक गोष्ट तीनदा बजावली होती. हात छातीशी, कशालाही शिवायचं नाही, पाय खाली टेकवायचे नाहीत, पायाची फट सुद्धा प्रवाळाला लागता कामा नये. मनात म्हटलं, या पोराने मला ईर्यासमितीच शिकवली. आपले मुनी चार हात जमीन बघून पाऊल टाकतात, तशी मी चार हात पाणी बघत जात होते.

प्रवाळ म्हणजे आपलं पोवळं, त्याचे कितीतरी भाऊबंद. सराफाकडचं लालभडक पोवळं डोळ्यांसमोर ठेवून गेले होते, तसं काहीच नव्हतं. तपकिरी, शेवाळी, कुठे जांभळट. काही मेंदूसारखे गोल, काही हरणाच्या शिंगांसारखे. आपल्या ग्रंथांत पोवळं पृथ्वीकायात मोजलं आहे, विज्ञान त्याला प्राणी म्हणतं. त्यात जीव आहे याबद्दल मात्र दोघांचं एकमत. ह्यांनी बोटीवर सांगितलं होतं: एकेक प्रवाळ म्हणजे हजारो चिमुकल्या जीवांची वसाहत. त्यांच्या शरीरात एक सूक्ष्म शेवाळ राहतं. ते सूर्यप्रकाशावर अन्न शिजवतं, प्रवाळाला वाढतं, बदल्यात प्रवाळ त्याला घर देतो. समुद्र नेहमीपेक्षा तापला की ही सोयरीक तुटते, शेवाळ निघून जातं, प्रवाळ पांढरा पडतो. तसंच राहिलं तर मरतो. अंदमानात २०१० साली असं फार मोठ्या प्रमाणावर झालं. मला जागोजागी करड्या, मोडक्या फांद्यांचे ढीग दिसले, पाडलेल्या घराच्या राड्यारोड्यासारखे. त्या ढिगातूनही कुठे कुठे करंगळीएवढा नवा कोंब आलेला.

एका दगडावर समुद्रफूल होतं आणि त्याच्या हलत्या बोटांत केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे. त्या बोटांत विष असतं, बाकीचे मासे जवळ येत नाहीत, पण हे तिथेच घर करून राहतात आणि त्या फुलाची राखणही करतात. जीवांनी एकमेकांना आधार द्यायचा असतो हे तत्त्वार्थसूत्रात लहानपणापासून पाठ केलेलं. पाठ केलेली गोष्ट अशी डोळ्यांसमोर हलताना बघून, मास्कच्या आत मला रडू आलं. मास्कमध्ये रडू नये. काहीच दिसेनासं होतं.

ह्यांचं काम विसरले नव्हते. नात बाजूलाच होती. तिच्या नखांवर आदल्या रात्रीच लावलेलं लालभडक नेलपॉलिश. मी खुणेने तिचा हात मागितला. नखं मळकट तपकिरी दिसत होती, वाळलेल्या चिंचेसारखी. मी दोनदा निरखून घेतलं. आणि वर येताना, दोन-तीन हात पाणी उरलं तेव्हा, तोच हात पुन्हा बघितला. लाल परत आलेला.

सगळं मिळून पस्तीस मिनिटं झाली, एका सामायिकाहून कमी. प्रशिक्षक माझ्या नळकांड्याचा काटा बघून म्हणाला, "माँजी, तुमची हवा नातीपेक्षा जास्त उरली आहे." नात आठ दिवस ते मनाला लावून घेऊन बसली होती.

हे गुडघाभर पाण्यात उभे होते, पँट वर दुमडून, हातात माझा चष्मा. मी तोंडातली नळी काढली आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, "खरं आहे तुमचं. लाल जातो. तपकिरी होतो."

ह्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "किती खोलीवर?"

त्या दिवशी साडेचारला हे माझ्याआधी पानावर बसले. मी वाढत होते आणि सांगत होते. हे विचारत होते, मी आठवून आठवून उत्तरं देत होते. कान कितीदा दाटले? माशांच्या अंगावर पट्टे किती? तडतड कसली होती? ती मला सांगता येईना. तर हे म्हणाले, "खडकांच्या फटीत राहणाऱ्या बारीक कोळंब्या चिमटे वाजवतात, त्यांची." मी खाली जाऊन आले होते, पण माहिती ह्यांचीच पक्की. भोपळ्याची भाजी दोनदा मागून घेतली. आदल्या दिवशीच्या उपासाचा उल्लेख दोघांपैकी कोणीच केला नाही.

परतताना नातीने किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा एक पांढरा तुकडा पर्समध्ये टाकला होता. ह्यांनी पाहिलं. सगळ्यांसमोर काही बोलले नाहीत. तिला थोडं बाजूला घेऊन गेले, दोघं पाण्याच्या कडेला काहीतरी बोलले आणि तिने तो स्वतःच्या हाताने वाळूवर ठेवला. अंदमानातून प्रवाळ नेणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, मेलेलाही नेता येत नाही. विमानतळावर सामान तपासतात. पण ह्यांनी तिला कायदा सांगितला की आणखी काही, ते मी विचारलं नाही. माझ्यासाठी तो धडा लांबूनच पुरेसा होता.

सांगलीला आल्यावर मिरजेच्या डॉक्टरांकडे गेलो. तपासण्या झाल्या. बुडी मारायला त्यांनी नाहीच म्हटलं, पण नदीवर, गटाबरोबर, संथ पाण्यात थोडं थोडं पोहायला परवानगी दिली. यावेळी मी आत बरोबर होते आणि सगळे प्रश्न ह्यांनी स्वतःच विचारले. आता फिरायला जायचा रस्ता पुन्हा नदीकडून जातो.

परवा ह्यांच्या पोहण्याच्या गटातले चार जण घरी आले होते. मी आत चहा टाकला होता. बाहेरून ह्यांचा आवाज येत होता, "सात मीटरवर लाल रंग पार तपकिरी दिसतो. अगदी वाळलेल्या चिंचेसारखा. आम्ही प्रत्यक्ष पाहिलं."

'आम्ही' म्हणाले. मी कप भरले, बिस्किटांची बशी घेतली आणि बाहेर गेले. दुरुस्ती करावी असं त्यात काही नव्हतं.